लिफ्टमधले साडू आणि घरची कॉफी

"पुस्तकातून शिकता येत नाही अशी एकही गोष्ट जगात नाही!" असं बापू छातीठोकपणे सांगत.

ग्रंथपाल माणूस, दुसरं काय सांगणार! पोहायलासुद्धा ते पुस्तकातूनच शिकले होते. हात कसे मारायचे, पाय कसे झाडायचे, श्वास कधी घ्यायचा, सगळं तोंडपाठ! पाण्यात मात्र अजून उतरले नव्हते. "ती काय, नुसती औपचारिकता," असं त्यांचं म्हणणं.

त्यामुळे त्या सुट्टीच्या दिवशी बापूंनी कॉफी भाजायचं विजेचं यंत्र स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं, तेव्हा त्यांच्या मनात शंकेला तिळभरही जागा नव्हती. यंत्र घरात आणलं होतं ते चोरून. खोक्यावर जाड अक्षरांत लिहिलं होतं, 'जुने शब्दकोश, बांधणीसाठी.' वहिनींनी, म्हणजे बापूंच्या सौभाग्यवतींनी (सगळी इमारत त्यांना वहिनीच म्हणायची), त्या खोक्याला हात लावणं शक्यच नव्हतं. उलट दोनदा त्याच्यावर वाळलेल्या चादरी घडी करून ठेवल्या होत्या.

एवढी चोरी कशासाठी? तर साडूंसाठी!

बापूंचे साडू साबणाच्या कारखान्यात होते. काम काय, तर वास घ्यायचा. कुठलीही नवी वडी बाजारात जाण्याआधी त्यांच्या नाकाखालून जायची. त्यांनी मान हलवली तर वडी पास, नाक मुरडलं तर सगळा घाणा पुन्हा. पगारी नाक ते! बापू त्यांना तोंडावर 'भावोजी' म्हणत आणि पाठीमागे 'नाकसाहेब'.

गेल्या वर्षी नाकसाहेब आणि ताई, म्हणजे वहिनींची थोरली बहीण, घरी आले होते. बापूंनी मोठ्या हौसेने कॉफी केली. नाकसाहेबांनी कप उचलला, नाकाशी नेला, आणि न पिताच खाली ठेवून अगदी सहज विचारलं, "कॉफीची बरणी कपड्यांच्या कपाटात असते का हो? डांबरगोळ्यांशेजारी?"

बरणी खरोखरच तिथे होती! मुंग्या लागतात म्हणून. पण खरं बोलणं जितकं झोंबतं तितकं खोटं थोडंच झोंबतं? बापू ताडकन म्हणाले, "तुमच्या नाकाला साबणापलीकडे काही कळतं का?" त्यावर नाकसाहेब म्हणाले, "कळतं. पाहुण्यांना काय द्यावं, ते कळतं!" मग एकाचा आवाज चढला, दुसऱ्याचा त्याहून चढला, आणि ताईंनी पर्स उचलली.

तेव्हापासून दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद. दोघी बहिणी फोनवर बोलायच्या त्याही दबक्या आवाजात, चोरीचा माल विकत असल्यासारख्या. वर्षभर खटपट करून वहिनींनी कसंबसं आजचं भेटणं जुळवून आणलं होतं आणि बापूंना बजावलं होतं, "लिंबाचं सरबत द्यायचं. गार. कॉफीचं नावसुद्धा काढायचं नाही!"

"छे छे! कॉफी? कुठली कॉफी?" बापू म्हणाले होते.

पण पुरुषाचा अभिमान सरबताने थोडाच थंड होतो! बापूंनी वाचनालयातली कॉफीवरची सगळी पुस्तकं पालथी घातली. सार एकच निघालं: कॉफी घरी भाजावी, ताजी दळावी, मग बघा! 'भाजल्यावर दाणे एक रात्र मुरू द्यावेत' असंही एका पुस्तकात होतं, पण रात्री वहिनी घरात असत. ते वाक्य बापूंनी मोठ्या मनाने सोडून दिलं.

वहिनी लिंबं आणायला आणि कोपऱ्यावरून पाहुण्यांना घेऊन यायला बाहेर पडल्या. दार लागलं, तसे बापू वाघासारखे ओट्यावर झेपावले. पिशवीतले हिरवट दाणे यंत्राच्या काचेच्या भांड्यात ओतले, झाकण लावलं, बटण दाबलं. घर्रर्र! दाणे आत नाचू लागले. बापू स्टुलावर बसून काचेतून एकटक बघत राहिले. बाळंतपणाच्या खोलीबाहेर बसलेल्या बापाच्या तोंडावरही इतकी माया नसते!

आधी ओल्या गवताचा वास आला. ठीक. पुस्तकात होतं तसं. मग गोणपाटाचा. हेही पुस्तकात होतं. मग दाण्यांवरचे पातळ पापुद्रे सुटले आणि वरच्या जाळीतून भसाभस बाहेर उडू लागले. हे पुस्तकात होतं की नाही, ते बापूंना आठवेना. पापुद्रे चष्म्यावर बसले, केसांत बसले, लिंबू पिळायला काढून ठेवलेल्या काचेच्या ग्लासांत बसले. बापूंनी फुंकर मारली, तशी ओट्यावरची सगळी फौज उठून पुन्हा त्यांच्याच तोंडावर आली.

"आक्छी! शिकतोय! आक्छी!" शिंकत शिंकत बापू म्हणाले. त्यांनी खिडकी उघडली. वारा आत येण्याऐवजी वास बाहेर गेला आणि सरळ खालच्या मजल्यावर उतरला.

खालच्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंचा दातांचा दवाखाना होता. सुट्टी होती खरी, पण दुखऱ्या दाढेला कसली सुट्टी? एक गृहस्थ गालावर हात धरून आले होते. बाईंनी त्यांच्या तोंडात भूल दिली, दाढ कोरायला घेतली, आणि बाईंच्या नाकाला जळकट वास लागला.

"जळतंय काहीतरी!" बाई म्हणाल्या.

"आँ?" खुर्चीतल्या दाढवाल्यांचे डोळे पांढरे झाले. तोंडात यंत्र असताना दंतवैद्याने म्हणायचं वाक्य आहे का हे!

"तुमचं नाही हो! वायर जळतेय बहुतेक." बाईंनी यंत्र बंद केलं आणि शेजारच्या वायरमनला हाक मारली. वायरमन आला. भिंतीला नाक लावलं, बोर्डाला नाक लावलं, दाढवाल्यांच्या खुर्चीखालीही डोकावून आला. वास सगळीकडे, वायर मात्र कुठेच जळेना. शेवटी तो म्हणाला, "रिस्क नको बाई. मेन काढतो आणि एकेक लाइन तपासतो." आणि खाली जाऊन त्याने अख्ख्या इमारतीची वीज बंद केली.

वरती यंत्र थांबलं.

बापू तडतड ऐकायला कान टवकारून बसले होते. दाणे तडतडले म्हणजे कॉफी होत आली, असं पुस्तक सांगत होतं. आता तडतड तर नाहीच, घरघरही नाही! त्यांनी बटण दाबलं. प्लग काढून लावला. यंत्राला हलकीशी चापट मारली. दाणे आपले तापलेल्या तळाशी गुपचूप पडलेले. बघता बघता खालचे काळे पडले, वरचे पिवळेच राहिले, आणि झाकणाच्या कडेने धूर निघू लागला. बापूंनी घाबरून झाकण काढलं, तसा आतला धूर 'सुटलो एकदाचा!' म्हणत त्यांच्या अंगावर आला. खिडकीने भागेना म्हणून बापूंनी घराचं दार सताड उघडलं. धूर जिन्यात शिरला.

जिन्यात डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी वर बघितलं आणि किंचाळल्या, "आग! चौथ्या मजल्यावर आग!"

पुढचं सगळं एकदमच झालं. बाई दवाखान्यातली बादली घेऊन वर धावल्या. त्यांच्यामागे दाढवाले, गळ्यात निळा रुमाल, गालात कापूस. दाढ अर्धी कोरलेली असताना डॉक्टरला नजरेआड होऊ देणार कोण? "काय जगतंय? काय जगतंय?" ते विचारत होते. 'काय जळतंय' असं त्यांना म्हणायचं होतं, पण भूल दिलेली जीभ ऐकेना.

बापू दारात आडवे झाले. "आग नाही हो! पाणी नका टाकू! विजेचं यंत्र आहे!"

"म्हणजे विजेची आग!" बाई ओरडल्या. "व्हा बाजूला!" त्यांनी बादली मागे नेली, आता झोकणार, एवढ्यात कुठूनतरी भारदस्त आवाज आला.

"थांबा! पाणी ओतू नका! आग नाही ती. कॉफी आहे!"

सगळे जागच्या जागी थिजले. आवाज जिन्यातून नव्हता, घरातूनही नव्हता. पायांखालून येत होता!

"कॉफी आहे," आवाज पुन्हा म्हणाला. "खालून करपलेली आणि वरून कच्ची. वायरचा वास असा नसतो. बादली खाली ठेवा."

हा आवाज बापूंनी वर्षभर ऐकला नव्हता, पण विसरलेही नव्हते. ते लिफ्टजवळ गेले. जुनी लिफ्ट, जाळीच्या दारांची. वीज गेली तेव्हा ती चौथ्या मजल्याच्या जरा खालीच अडकली होती. जाळीतून, अगदी फरशीच्या पातळीवर, एक चकचकीत टक्कल दिसत होतं, त्याखाली चष्मा, आणि त्याखाली ते नाक!

"भावोजी?" बापू म्हणाले.

"नमस्कार," नाकसाहेब म्हणाले.

झालं होतं असं की, कोपऱ्यावरून इमारतीच्या दारात आल्या तरी दोघी बहिणींना एकमेकींशी इतकं बोलायचं होतं की त्या म्हणाल्या, "आम्ही जिन्याने येतो, तुम्ही व्हा पुढे!" आणि नाकसाहेबांना त्यांनी एकट्यालाच लिफ्टमध्ये बसवून दिलं होतं.

आता बोलायचं तर खाली वाकणं भाग होतं. उभ्याने बोलावं तर साडूंच्या टकलाशी बोलल्यासारखं व्हायचं. बापू गुडघ्यांवर बसले, तरी जमेना. शेवटी फरशीवर चक्क पालथे झोपले. साडूंपुढे थोडं नमतं घ्यावं लागेल, याची त्यांनी मनाची तयारी केली होती. पण इतकं?

"भावोजी, त्या दिवशी मी जरा..." त्यांनी सुरुवात केली.

"ते राहू द्या," नाकसाहेब म्हणाले. "दाणे भांड्यातून काढलेत का?"

"नाही अजून."

"मग इथे काय झोपलाय! काढा आधी, पसरून ठेवा. आणि करपलेले निवडून फेका."

एवढ्यात जिन्यावरून वहिनी आणि ताई वर पोचल्या. आपण दारात पाहुण्यांचं कसं स्वागत करायचं आणि काय काय बोलायचं, हे वहिनींनी वर्षभर मनात घोकलं होतं. पण दारात धूर, धुरात बादलीवाली डॉक्टरीण, तिच्यामागे निळा रुमालवाला अनोळखी माणूस, आणि नवरा जमिनीवर पालथा! ताईंना ठसका लागला. मग वहिनींनाही लागला. दोघी एकमेकींना धरून इतक्या खोकल्या, इतक्या खोकल्या, की खोकता खोकता कधी हसायला लागल्या ते त्यांनाही कळलं नाही.

"अहो, हे काय केलंत!" शेवटी वहिनी म्हणाल्या.

"कॉफी," बापू पालथ्यानेच म्हणाले.

"मी काय सांगितलं होतं?"

"सरबत."

"मग?"

उत्तर लिफ्टमधून आलं. "चिमे, रागावू नकोस त्यांच्यावर. कॉफी अजून वाचेल. पिवळे दाणे कढईत टाक आणि गॅसवर भाज. ढवळायचं थांबू नकोस!"

भावोजी आपल्याला पूर्वीसारखं 'चिमे' म्हणाले, हे ऐकून वहिनींचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी पदर खोचला. ताईंनी पर्स खुंटीला अडकवून दुसरा झारा उचलला. दोघी बहिणी कढईवर उभ्या राहिल्या आणि वर्षभराच्या गप्पा दाण्यांबरोबर भाजू लागल्या.

खरी पळापळ बापूंची! एक दाणा चमच्यात घ्यायचा, लिफ्टपाशी धावायचं, पालथं पडायचं, चमचा जाळीतून साडूंच्या नाकाखाली धरायचा.

"कच्चा."

पुन्हा घरात, पुन्हा चमचा, पुन्हा पालथे.

"अजून कच्चा. पण सुधारतोय. आवाज येतोय का?"

"आवाज येतोय का?" बापू ओरडले.

"आवाज येतोय का?" दारातल्या डॉक्टरीणबाई स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडल्या. बादली त्यांच्या हातात अजून तशीच होती.

"आगाज?" दाढवाल्यांनीही मदत केली.

"कसला आवाज? इथे आमचं बोलणं चाललंय!" आतून ताई म्हणाल्या. आणि तेवढ्यात कढईत झालं: तड! तड तड! तडतडतड! लाह्या फुटाव्यात तसे दाणे उडू लागले. एक ताईंच्या अंबाड्यात जाऊन बसला.

"उतरवा!" लिफ्टमधून गर्जना झाली.

"पुस्तकात म्हटलंय की अजून थोडा वेळ..." बापूंनी तोंड उघडलं.

"पुस्तकाला नाक असतं का?"

कढई उतरली. दाणे ताटात पसरून वहिनींनी वर्तमानपत्राने वारा घातला. दळायला वीज नव्हती, म्हणून ताईंनी खलबत्त्यात कुटले. तेवढ्यासाठी डॉक्टरीणबाईंनी बादली खाली ठेवली आणि त्यांनीही चार घाव घातले. हात त्यांचा सफाईचा! पातेल्यात पाणी उकळलं, कॉफी झाली, गाळली. जिना, दार, घर सगळं आता एका वेगळ्याच वासाने भरून गेलं. करपट नव्हे. खरा कॉफीचा वास! बापूंचे डोळे पाणावले. थोडे धुराने, थोडे कृतार्थतेने.

कप भरून बापू लिफ्टकडे गेले. आणि तिथे नवीनच पंचाईत! कप जाळीतून जाईना. वाटी जाईना. आडवी केली तर जात होती, पण मग आतली कॉफी राहत नव्हती. चमच्याने पाजावं तर चमचा जाळीला आपटायचा आणि कॉफी साडूंच्या शर्टावर. सगळ्यांनी घर धुंडाळलं. शेवटी वहिनींना बारीकसं, खोल असं एक भांडं सापडलं: खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण.

झाकण भरून जाळीतून आत गेलं. नाकसाहेबांनी झाकण नाकाशी नेलं. नाकपुड्या फुगल्या. भुवया वर गेल्या. नेमकं असंच झालं होतं गेल्या वर्षी!

नाकसाहेबांनी एक घोट घेतला. "ह्याला," ते म्हणाले, "खोक..."

आणि थांबले. जाळीच्या वर त्यांना दोन चेहरे दिसत होते. ताई आणि वहिनी, गालाला गाल लावून वाकलेल्या. ताईंच्या अंबाड्यात कॉफीचा दाणा, वहिनींच्या नाकावर काजळी, आणि दोघींच्या डोळ्यांत इतका आनंद की बघणाऱ्याला अवघडल्यासारखं व्हावं.

"खोक काय?" ताईंनी विचारलं.

"खो... खोल चव आहे," नाकसाहेब म्हणाले. "छान! फारच छान. आणखी एक झाकण द्या."

बापू तिथल्या तिथे उठून नाचणारच होते, पण बराच वेळ पालथं पडून कंबर धरली होती. त्यांनी आणखी एक झाकण दिलं. मग आणखी एक. चौथं वहिनींनी आग्रहाने दिलं. नाकसाहेब निमूटपणे पीत गेले.

तेवढ्यात खालून वायरमनची हाक आली, "सगळ्या लाइनी ठीक आहेत हो! मेन टाकतोय!" दिवे लागले, लिफ्टला हिसका बसला आणि ती तीन हात वर सरकून चौथ्या मजल्याला टेकली. जाळी उघडली. साडू बाहेर आले. शर्टावर डाग, हातात झाकण. बापूही उभे राहिले. पोटावर सगळ्या जिन्याची धूळ, केसांत पापुद्रे. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि, काय करावं ते न सुचून, हस्तांदोलन केलं.

आता वास घेऊन घेऊन सगळ्यांच्याच तोंडाला पाणी सुटलं होतं. वायरमनही वर आला. उरलेली कॉफी वहिनींनी घोटघोट सगळ्यांना दिली.

"वेगळी आहे," डॉक्टरीणबाई विचारपूर्वक म्हणाल्या.

"गरम आहे," वायरमन म्हणाला.

"आमची चिमी आणि वाईट करेल?" घोट तोंडात धरूनच ताई म्हणाल्या, आणि खिडकीपाशी जाऊन बराच वेळ बाहेर बघत राहिल्या.

"अफतिम!" दाढवाले म्हणाले. "अफतिम! अख्ख्या आयुष्यात अशी प्यायलो नाही!" आणि डॉक्टरीणबाई त्यांना दंडाला धरून राहिलेली दाढ पुरी करायला घेऊन गेल्या.

बापूंच्या वाट्याला तळाचा अर्धा कप आला. बाल्कनीतल्या खुर्चीवर ऐसपैस बसून, डोळे मिटून त्यांनी मोठा घोट घेतला.

आणि तो घोट त्यांना गिळवेना! कडू म्हणजे किती कडू! एका बाजूने जळका कोळसा, दुसऱ्या बाजूने कच्चा वाटाणा, आणि मागाहून खलबत्त्यातल्या कुठल्यातरी जुन्या मसाल्याची आठवण. बापूंनी डोळे उघडले. शेजारच्या खुर्चीत नाकसाहेब रुमालाने चष्मा पुसत बसले होते. अगदी मन लावून पुसत होते.

"भावोजी," बापू हळूच म्हणाले, "तुम्ही ही तीन झाकणं प्यायलात?"

"चार," नाकसाहेब म्हणाले.

आत स्वयंपाकघरात दोघी बहिणी ग्लासांतले पापुद्रे धुता धुता खिदळत होत्या. दोघे साडू थोडा वेळ ते ऐकत बसले. बापूंनी उरलेली कॉफी एका दमात संपवली आणि तोंड वाकडं होऊ न देता कप खाली ठेवला. एकाने चार झाकणं सोसली, तर दुसऱ्याने अर्धा कप तरी सोसायला नको?

"पुढच्या सुट्टीला तुम्ही दोघं आमच्याकडे या," नाकसाहेब म्हणाले.

बापूंची छाती पुन्हा फुगली. "नक्की येतो! येताना यंत्र घेऊनच येतो. कॉफी भाजायला!"

"जेवायला!" नाकसाहेब घाईघाईने म्हणाले. "नुसतं जेवायला!"